प्रत आणि प्रती

मराठीत ‘प्रत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वाण्याकडे तांदूळ घेताना आपण विचारतो, “हा कुठल्या प्रतीचा?” आणि तलाठ्याकडे गेलो की म्हणतो, “सातबाऱ्याची एक प्रत द्या.” एक अर्थ दर्जाचा, दुसरा नकलेचा. चित्रफितीच्या साऱ्या इतिहासात हे दोन अर्थ एकमेकांशी भांडत आले आहेत. नक्कल काढली की दर्जा उतरतो, आणि दर्जा राखायचा म्हटलं तर नक्कल ठेवायला जागा पुरत नाही. कार्यक्रम दहा मिनिटांचा असेल तर हे भांडण फारसं जाणवत नाही. तीन तासांचं नाटक, रात्रभराचं दशावतारी किंवा पहाटेपर्यंत चाललेली गाण्याची बैठक असेल, तर मात्र ते उंबऱ्यावर येऊन उभं राहतं.

आज कुणीही मोबाइलवर किंवा संगणकावर चित्रण जोडतं, कापतं आणि शेवटी एक बटण दाबतं. त्या वेळी यंत्र विचारतं, कोणत्या स्वरूपात जतन करू? पुढे अक्षरांची आणि आकड्यांची रांग असते. बहुतेक लोक पहिला पर्याय निवडून मोकळे होतात. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. नोकरीतून निवृत्त झाल्यावर जुन्या चित्रफिती संगणकावर आणण्याचं काम हौसेनं करत आलो. ही रांग कुठून आली आणि तिच्यातला चुकीचा पर्याय निवडल्यानं काय काय गेलं, ते आज सांगणार आहे.

सिनेमाच्या फिल्मला हा प्रश्न फारसा नव्हता. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात. बोलपटात सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. तीन तासांच्या चित्रपटाला सोळा हजार फूट फिल्म लागणार, त्यात घासाघीस नाही. लांबी म्हणजे सरळ वजन आणि पैसा. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा, सुमारे ३७०० फुटांचा होता. त्यातली पहिली आणि शेवटची एवढीच रिळं आज उरली आहेत. पण जी उरली, त्यांच्यावरचं चित्र कमी जागेत बसवायचं म्हणून कुणी मुद्दाम बारीक केलेलं नाही. फिल्म जळते, सडते, हरवते, पण असते तोवर ती प्रामाणिक असते.

चुंबकीय फितीनं हे चित्र बदललं. आवाज फितीवर घेणं जमलं होतं, कारण आपल्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपनं ऐकू येतात. दूरचित्रवाणीच्या चित्राला मात्र सेकंदाला काही दशलक्ष कंपनं लागतात. ती फितीवर उमटवायची तर फीत भयंकर वेगानं पळवायला हवी. बीबीसीच्या अभियंत्यांनी खरोखरच तसं यंत्र बांधलं. त्याचं नाव व्हेरा. फीत सेकंदाला २०० इंच वेगानं पळायची आणि बैलगाडीच्या चाकाची आठवण व्हावी असं मोठं चाक पंधरा मिनिटांत रिकामं व्हायचं. १९५८ मध्ये ते लोकांना दाखवलं, तोवर उशीर झाला होता.

कारण अमेरिकेतल्या अँपेक्स या कंपनीनं दोन वर्षं आधी, १४ एप्रिल १९५६ ला, शिकागोमध्ये वेगळीच युक्ती दाखवली होती. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या तुकडीनं फितीऐवजी चित्र लिहिणारं डोकंच फिरवलं. चार डोकी बसवलेलं चाक मिनिटाला १४,४०० फेरे घ्यायचं आणि दोन इंच रुंद फितीवर आडव्या रेघा ओढत जायचं. फीत स्वतः सेकंदाला पंधरा इंचच सरकायची. या तुकडीत रे डॉल्बी नावाचा एक कॉलेजातला मुलगा होता. पुढे थिएटरातल्या आवाजावर त्याचं नाव लागलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसनं एक बातमीपत्र फितीवरून प्रक्षेपित केलं.

पण फीत महाग होती. तासाभराच्या फितीला सुमारे ३०० डॉलर पडत, आणि ते डॉलर तेव्हाचे. गंमत अशी की ती पुसून पुन्हा वापरता यायची. फिल्म पुसता येत नाही. फीत पुसता येते, हा तिचा मोठा गुण, आणि त्यानंच घात केला. कारकुनाच्या दृष्टीनं पाहिलं तर एकदा प्रक्षेपित झालेला कार्यक्रम म्हणजे वापरलेली पाटी. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असे गेले, ते कुठल्या ना कुठल्या परदेशी कपाटात सापडतील म्हणून लोक अजून शोधताहेत.

याहून मोठी गोष्ट चंद्राची आहे. नील आर्मस्ट्राँग जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरला, तेव्हाचं ते धूसर, भुतासारखं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. चंद्रावरच्या कॅमेऱ्यानं पाठवलेलं चित्र इतकं वाईट नव्हतं. यानाकडून पृथ्वीकडे येणारी वाट अरुंद होती, म्हणून कॅमेरा सेकंदाला दहाच चित्रं पाठवायचा आणि प्रत्येकात ३२० ओळी असायच्या. घरातल्या टीव्हीला हे चाललं नसतं. अमेरिकेतल्या टीव्हीला सेकंदाला तीस चित्रं आणि ५२५ ओळी हव्या होत्या. मग कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला आणि ऑस्ट्रेलियातल्या केंद्रांवर काय केलं? आलेलं चित्र एका पडद्यावर दाखवलं आणि त्या पडद्यासमोर टीव्हीचा साधा कॅमेरा लावला. मधली राहिलेली चित्रं तेच तेच चित्र पुन्हा दाखवून भरली. जगानं जे पाहिलं, ते हे रूपांतर होतं. ऑस्ट्रेलियातल्या केंद्रावर मूळ पडद्यासमोर उभ्या असलेल्या माणसांनी आर्मस्ट्राँगला आपल्यापेक्षा स्वच्छ पाहिलं.

मूळ संदेश वेगळ्या फितींवर साठवला होता. त्या फिती मिळाल्या असत्या तर आजच्या साधनांनी चित्र कितीतरी सुधारलं असतं. पुढे शोध सुरू झाला, काही वर्षं चालला, आणि २००९ मध्ये नासानं सांगून टाकलं की त्या फिती बहुधा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या. फितींचा तुटवडा होता. मग जगभरच्या टीव्ही केंद्रांतून रूपांतरित चित्राच्या त्यातल्या त्यात चांगल्या नकला गोळा करून त्यांचीच डागडुजी केली. मला यातली खरी चूक पुसणाऱ्याची वाटत नाही. ‘जगानं पाहिलं ते आपल्याकडे आहे ना, मग झालं’, असं ज्यानं मानलं त्याची वाटते. पाहायची प्रत आणि ठेवायची प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्याला सुचलं नाही.

आता घरातल्या कॅसेटीकडे येऊ. सोनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स आणलं. कॅसेट छोटी, चित्र छान, पण तासाभराचीच. पुढच्या वर्षी जेव्हीसीनं व्हीएचएस आणलं, दोन तासांचं. चित्रात उन्नीस-बीसचा फरक. पण लोक घरी सिनेमा बघणार होते आणि सिनेमा एका तासात संपत नाही. अमेरिकेत आरसीए कंपनीनं चार तासांची मागणी केली, कारण तिकडच्या फुटबॉलचा सामना तेवढा चालतो. मग फीत निम्म्या वेगानं सरकवायची सोय झाली. सोनी लांबी वाढवत गेली, पण ग्राहक निघून गेला होता. ‘चांगलं हरलं आणि वाईट जिंकलं’ असं या लढाईबद्दल सांगतात. मला ते पटत नाही. अर्धाच सिनेमा दाखवणाऱ्या सुंदर चित्राला चांगलं का म्हणायचं?

आपल्याकडे ई-१८० ही कॅसेट घरोघर आली. तीन तासांची, म्हणजे मध्यंतरासकट हिंदी सिनेमा बरोबर बसायचा. आणि व्हीसीआरवर ‘एलपी’ असं एक बटण असायचं. ते दाबलं की फीत निम्म्या वेगानं, सेकंदाला साधारण पावणेबाराऐवजी... नाही, मिलिमीटरमध्येच सांगतो: साडेतेवीसऐवजी पावणेबारा मिलिमीटर सरकायची आणि त्याच कॅसेटवर सहा तास बसायचे. चित्र थोडं खरखरीत व्हायचं, तेवढं लोक चालवून घेत. पण आवाज? साध्या व्हीसीआरमध्ये चित्र फिरत्या डोक्यानं तिरक्या रेघांत लिहिलं जायचं आणि आवाज मात्र फितीच्या कडेला, सरळ रेघेत, जुन्या ऑडिओ कॅसेटसारखा. फीत निम्म्या वेगानं गेली की आवाजातली वरची, बारीक कंपनं गळतात. बोलणं कळतं. तानपुऱ्याची जवारी मात्र जाते. बैठकींचं चित्रण करणाऱ्यांनी कॅसेट वाचवायला एलपी वापरलं, त्यात चित्र बऱ्यापैकी वाचलं आणि ज्यासाठी माणसं जमली होती तेच बारीक झालं.

ऐंशीच्या दशकात चित्राचे आकडे करायचं ठरलं. १९८२ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. आपल्या टीव्हीच्या पद्धतीत एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला पंचवीस चित्रं. हिशेब करा: सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट. एका तासाला जवळजवळ ७५ जीबी. आज हा आकडा फारसा भीतिदायक नाही, पण तेव्हा तेवढा साठा घरात ठेवणं कल्पनेबाहेर होतं. आकडे दाबून लहान केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ती दाबण्याची किल्ली एका भारतीयानं शोधली होती. नासिर अहमद, जन्म १९४० चा, बंगळूरचा. तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन अमेरिकेला गेले. १९७२ मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एक प्रस्ताव पाठवला. तो नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी वाटली, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांनी तरीही काम केलं, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. नाव अवघड आहे, कल्पना तेवढी नाही. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार किती आणि बारीक किती, हे वेगळं मोजा. माणसाच्या डोळ्याला बारीक चढउतार कमी कळतात, तेव्हा ते ढोबळ करा किंवा सोडून द्या. आपल्या मोबाइलमधला प्रत्येक फोटो आणि बहुतेक प्रत्येक चित्रफीत या कल्पनेच्या वंशातली आहे.

दुसरी युक्ती अशी की सलग दोन चित्रांत फरक थोडा असतो. मग दर वेळी पूर्ण चित्र कशाला? एक पूर्ण घ्यायचं आणि पुढच्यांत फक्त काय हललं ते लिहायचं. तिसरी युक्ती रंगाची. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला कमी. म्हणून रंगाचे ठिपके चारातला एकच ठेवायचा. लाल शालूचे काठ टीव्हीवर फिसकटलेले दिसतात, त्यामागे हीच काटकसर आहे.

लिओनार्दो कियारिल्योने आणि हिरोशी यासुदा यांनी १९८८ मध्ये एमपेग नावाची समिती जमवली. तिच्या पहिल्या मानकावर १९९३ मध्ये व्हीसीडी आली. चित्र ३५२ गुणिले २८८, एका चकतीत ७४ मिनिटं, चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट. म्हणजे त्या १६६ मेगाबिटचा एकशे चव्वेचाळिसावा भाग! आपल्या गावोगावच्या दुकानांत पुढची दहा-बारा वर्षं याच चकत्यांचं राज्य होतं. सिनेमा दोन चकत्यांवर यायचा आणि पहिली साधारण मध्यंतरालाच संपायची, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

इथे एक हकिकत सांगायला हवी. आमच्या ओळखीच्या एका संगीत मंडळाकडे १९८६ ते १९९८ या काळातल्या बैठकींच्या एकेचाळीस व्हीएचएस कॅसेटी होत्या. २००२ मध्ये कार्यकारिणीनं ठरवलं की आता सगळं डिजिटल करू. गावातल्या एका व्हिडिओवाल्याकडे काम दिलं. त्यानं व्हीसीडी करून दिल्या आणि म्हणाला, जुन्या कॅसेटी मला दिल्यात तर प्रत्येकीमागे वीस रुपये सूट. त्याला त्या लग्नाच्या चित्रणाला वापरायच्या होत्या. मंडळाला कपाट मोकळं हवं होतं. व्यवहार दोन्हीकडून राजीखुशीचा झाला.

तीस कॅसेटी गेल्या. अकरा वाचल्या, त्या एका सभासदानं घरी ऐकायला म्हणून नेऊन कित्येक वर्षं परत केल्या नव्हत्या म्हणून. पुस्तकं आणि कॅसेटी परत न करणाऱ्यांबद्दल माझं मत तेव्हापासून जरा मवाळ झालं आहे. २०१९ मध्ये त्या माळ्यावरून निघाल्या आणि माझ्याकडे आल्या. त्यांतल्या एका कॅसेटची नक्कल मंडळाकडेही होती आणि तिची व्हीसीडी झाली होती. त्यामुळे एकच बैठक दोन्ही रूपांत शेजारी शेजारी लावून पाहता आली. थोडा दोष नकलेचा धरला, तरी फरक डोळ्यांत भरणारा होता.

बैठकीचं चित्रण तसं दाबायला सोपं. कॅमेरा स्थिर, गायिका एका जागी, मागे पडदा. यंत्राला फारसं काही लिहावं लागत नाही. तरीही मागचा काळा पडदा व्हीसीडीवर चौकोनाचौकोनांचा झाला होता आणि गाणं रंगात येऊन मान हलली की ते चौकोनही हलत. तबलजीची बोटं तर गेलीच होती. त्याचं कारण वेगळं आहे. जुन्या टीव्हीच्या पद्धतीत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. म्हणजे हालचालीचे सेकंदाला पन्नास क्षण. व्हीसीडी त्यातले पंचवीस टाकून देते. कॅसेटवर तिहाईतला प्रत्येक आघात दिसतो, व्हीसीडीवर एक धूसर पंजा दिसतो. शिवाय लांब कार्यक्रम मिनिटांच्या काट्यावर तोडलेला. एका चकतीचा शेवट द्रुत चिजेच्या ऐन तानेत आणि पुढच्या चकतीची सुरुवात समेनंतर.

त्या तीस बैठकींचं आता एवढंच उरलं आहे. कुठलंही यंत्र त्यातून बोटं परत आणणार नाही. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेनं जुनं चित्र स्वच्छ करून मिळतं, मी ते करूनही पाहिलं. चेहरा चकचकीत झाला, पण तो त्या बाईंचा राहिला नाही. यंत्रानं हजारो चेहऱ्यांवरून अंदाजानं पापण्या आणि दात काढले होते. हौस म्हणून वेगळी प्रत करायला हरकत नाही, पण तिला जुन्या चित्रणाच्या जागी ठेवू नये.

व्हीसीडीनंतर डीव्हीडी आली. जपानमध्ये १९९६ ला, आपल्याकडे घरोघर त्यानंतर काही वर्षांनी. ४.७ जीबीची चकती. घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरवर पुन्हा तेच जुनं बटण: एक तास उत्तम, दोन तास चांगलं, चार तास बरं, सहा तास कसंबसं. त्याच सुमारास मिनी-डीव्ही कॅमेरे आले. त्यांची फीत तासाला सुमारे १३ जीबी भरायची आणि चित्र खरोखर सुरेख होतं. पण ऐंशी जीबीच्या संगणकात सहा तास ठेवले की संपलं. मग लोकांनी डीव्हीडी काढल्या, संगणकातलं पुसलं आणि कॅसेट पुन्हा पुढच्या मुंजीला वापरली. त्या काळातल्या लग्नामुंजींची मूळ चित्रणं कुठे आहेत, हे घरी एकदा विचारून पाहा.

२००३ मध्ये एच.२६४ हे मानक आलं. आज सर्वांत जास्त यंत्रांवर चालतं ते हेच. २०१३ मध्ये त्याचा पुढचा अवतार एचईव्हीसी, तेवढाच दर्जा जवळपास निम्म्या जागेत देणारा. २०१८ मध्ये एव्ही-वन, परवान्याच्या शुल्कातून सुटका व्हावी म्हणून मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन केलेलं. जितकं नवं, तितकी जागा कमी आणि दाबायला वेळ जास्त. तीन तासांचं नाटक जुन्या संगणकावर एव्ही-वनमध्ये करायला घातलंत, तर रात्र पुरेलच असं नाही.

लोक विचारतात, एमपी-फोर चांगलं की एमकेव्ही? हा प्रश्न डब्याबद्दलचा आहे, फराळाबद्दलचा नाही. एमपी-फोर, एमकेव्ही, एमओव्ही, एव्हीआय हे डबे. आत एच.२६४ आहे की आणखी काही, ते वेगळं. आपल्या घरात बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे निघतात, तसंच. पण लांब चित्रणाला डबाही महत्त्वाचा असतो. एमपी-फोरची अनुक्रमणिका साधारणपणे चित्रण संपल्यावर लिहिली जाते. चार तासांच्या कीर्तनाचं चित्रण थेट संगणकावर चालू असताना शेवटच्या दहा मिनिटांत वीज गेली, तर अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही आणि फाइल उघडत नाही. एमकेव्हीत वीज जाईपर्यंतचं बहुतेक सगळं मिळतं. म्हणून चित्रण एमकेव्हीत करावं आणि नंतर डबा बदलून एमपी-फोर करावं. डबा बदलताना आतलं चित्र पुन्हा दाबावं लागत नाही, काही मिनिटांत काम होतं आणि दर्जा तसूभरही उतरत नाही. जुन्या पद्धतीनं आखलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही, तेही तिथेच कळतं. अनेकजण तेवढ्यासाठी चित्र पुन्हा दाबून बारीक करतात. पेनड्राइव्ह नव्या पद्धतीनं आखून घेतला तर हे करावं लागत नाही, फक्त आखण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवायचं.

आकाराचा हिशेबही सोपा आहे. सेकंदाला किती मेगाबिट आणि किती सेकंद, यांचा गुणाकार करा आणि आठानं भागा. सेकंदाला आठ मेगाबिट आणि तीन तास, म्हणजे १०,८०० सेकंद, तर १०.८ जीबी. चित्र किती मोठं, हे या हिशेबात येतच नाही. तीच आठ मेगाबिट अतिविशाल चित्रावर पसरली तर लोणी पातळ लागणार. लहान चित्राला ती भरपूर होतात.

पण ठरावीक मेगाबिट सगळ्यांना सारखी वाटणं हाही एक अन्यायच आहे. बैठकीला तीन मेगाबिट पुरतात. गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल उधळला, पाऊस आला, ढोलपथकाचे झेंडे फिरू लागले, की प्रत्येक ठिपका दर क्षणी बदलतो आणि दहाही कमी पडतात. म्हणून ‘आकार अमुक ठेव’ असं सांगण्यापेक्षा ‘दर्जा अमुक ठेव, आकार काय व्हायचा तो होऊ दे’ असं यंत्राला सांगावं. एच.२६४ करणाऱ्या एक्स२६४ या मोफत प्रणालीत त्यासाठी एक आकडा असतो. काही सांगितलं नाही तर ती २३ धरते. आकडा जितका लहान तितका दर्जा वर. जपून ठेवण्याजोग्या चित्रणाला मी १८ घेतो. चकतीवर किंवा ठरावीक जागेत बसवायचंच असेल, तर यंत्राला दोनदा वाचायला सांगावं. पहिल्या वाचनात ते कुठे गर्दी आहे ते पाहतं, दुसऱ्यात त्याप्रमाणे वाटणी करतं.

त्या अकरा कॅसेटींचं मी काय केलं, तेही सांगतो. ठेवायची प्रत काहीही न गाळणाऱ्या एफएफव्ही-वन या पद्धतीत, एमकेव्हीच्या डब्यात. ही पद्धत २००३ पासून आहे, कुणाच्या मालकीची नाही आणि जगातल्या अनेक संग्रहालयांनी स्वीकारली आहे. तिचं इंटरनेटच्या मानकांत २०२१ मध्ये वर्णन प्रसिद्ध झालं, डब्याचं २०२४ मध्ये. तासाला ७५ जीबीच्या ऐवजी साधारण निम्मी जागा लागली. अडतीस तासांचं मिळून दीड टेराबाइटच्या आत बसलं. दोन हार्ड डिस्कवर एकेक आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी. पाहायची प्रत एच.२६४ मध्ये, चित्र मूळच्याच आकारात, हालचालीचे पन्नासच्या पन्नास क्षण ठेवून. तीन तासांना सहा जीबीच्या आसपास. कॅसेट जितकी खराब तितकी फाइल मोठी होते, कारण पडद्यावरची खरखर यंत्राला गुलालासारखीच वाटते. मंडळाला पाहायच्या प्रती दिल्या. मोबाइलवरून एकमेकांना पाठवतात त्या आणखी दाबलेल्या असतात, त्याला माझी ना नाही.

व्हीसीडीवरच्या तीस बैठकी होत्या तशाच उतरवून घेतल्या, पुन्हा न दाबता. चार चकत्या वाचताच आल्या नाहीत. घरी लिहिलेल्या चकतीतला रंगाचा थर वर्षांनुवर्षांत उतरतो.

अकरांपैकी आठ कॅसेटी पूर्ण झाल्या आहेत, अडतीस तास म्हटलं ते त्यांचेच. राहिलेल्या तीनांवर पांढरी बुरशी आहे. तशाच लावल्या तर व्हीसीआरचं डोकं खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल, म्हणून आधी हातानं फिरवून, पुसून घ्याव्या लागतात. व्हीएचएसची यंत्रं बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये त्या व्यवसायातून बाहेर पडली. माझ्याकडे दोन व्हीसीआर आहेत, त्यांतला एक दुसऱ्याला सुटे भाग पुरवण्यासाठी उघडून ठेवला आहे. तीनांपैकी एका कॅसेटवर बॉलपेननं ‘कोजागिरी ९१, एलपी’ एवढंच लिहिलं आहे. गायक कोण, ते मंडळात कुणालाच आठवत नाही. पावसाळी दमट हवा गेली, की दिवाळीनंतर ती लावून बघणार आहे.